दगडफूल मंडळातले तीन नकार

लंडन, सोमवार, ११ मार्च १९०७

ती. ऑगस्टाताईस,

धाकट्या अ‍ॅम्ब्रोजचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळव. दाजींचा घसा रविवारच्या प्रवचनापुरता तरी सुटला असेल अशी आशा आहे. (न सुटल्यास गावकरी मोठ्या दुःखात बुडतील असं नाही, पण हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.) माझी प्रकृती बरी आहे. जेवण मात्र जात नाही, आणि त्याचं कारण सांगायला हे पत्र.

आमच्या दगडफूल मंडळाचा मी अकरा वर्षं मानद चिटणीस आहे हे तू सगळ्या ओळखीपाळखीत सांगत असतेस. पण मंडळाचा कारभार कसा चालतो हे मी तुला कधी सांगितलं नाही. दगडफुलांवर आम्ही वर्षाकाठी जेमतेम चार तास बोलतो. उरलेला वेळ नियमांवर जातो. सभेला सात माणसं लागतात. एकदा सहाच जागे होते आणि सातवे कर्नल प्रिंगल घोरत होते. झोपलेला सभासद हजर धरावा की नाही यावर दोन सभा झाल्या, आणि घोरणं ऐकू येत असेल तर हजर, असं शेवटी ठरलं. (ठरावाच्या वेळीही कर्नल झोपलेलेच होते, त्यामुळे तो एकमतानं झाला.) गेल्या वर्षी बायकांना सभासद करावं का हा प्रश्न आला. सनदेत सगळीकडे ‘तो’ लिहिलेलं. त्या ‘तो’मध्ये ‘ती’ बसते का, यावर वकिलाचं मत मागवलं. बसते, पण अवघडून, असं त्यानं कळवलं. मग आमचे अध्यक्ष सर एव्हरर्ड (वय एक्क्याऐंशी, मनानं लोणी) काळजीनं म्हणाले, “पण बायका टोप्या ठेवणार कुठे?”

“त्या ठेवत नाहीत, घालूनच बसतात,” डॉक्टर गॅस्कॉइन म्हणाले. हे आमचे कायमचे विरोधक. “आणि हल्लीच्या टोप्या बघितल्यात ना? मागच्याला फळा दिसायचा नाही, नुसती पिसं दिसतील.”

पाऊण तास टोप्यांवर गेला. बायकांनी शेवटच्या रांगेत बसावं असं ठरलं, आणि नियम मंजूर झाला.

पहिलं नाव आलं मिस लव्हिनिया स्टॉबर्ट यांचं. या तिकडे उत्तरेत हेक्सहॅमला शाळेत शिकवतात. एकोणीस वर्षं दर सुट्टीत त्या टेकड्या तुडवून आम्हाला नमुने पाठवत आल्या आहेत; आमच्या संग्रहातली निम्मी पाकिटं त्यांच्या अक्षरातली आहेत. त्यांचे निबंध आजवर दुसऱ्याच कुणीतरी वाचून दाखवायचे, आणि टाळ्या वाचणाऱ्याला पडायच्या. गुरुवारी मतदान होतं. आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे. तिच्या कापडी बाहीत हात घालायचा आणि बुचाचा गोळा उजवीकडे टाकला तर होकार, डावीकडे टाकला तर नकार. बूच असल्यामुळे आवाजही होत नाही. एक चतुर्थांश नकार पडले की नाव गेलं. आम्ही बारा जण होतो. होकार नऊ, नकार तीन.

मिस स्टॉबर्ट शाळेतून दोन दिवसांची रजा काढून आल्या होत्या आणि शेजारच्या संग्रहाच्या खोलीत बसल्या होत्या. सांगायला अर्थातच चिटणीसानं जायचं.

“झालं का?” त्यांनी भिंगावरून डोळा न काढता विचारलं.

“झालं. म्हणजे… नाही झालं.”

“किती?”

“तीन.”

त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. “म्हणजे नऊ जण हो म्हणाले. मी चारच धरले होते.” मग हातमोजे चढवत म्हणाल्या, “मिस्टर थर्कल, चौथ्या कपाटातल्या दोन पाकिटांवरची नावं अदलाबदल झालीयत. मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. चालत नसेल तर पुसून टाका.” त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि त्या गाडी गाठायला गेल्या. ताई, त्या रडल्या असत्या तर मला फार सोपं गेलं असतं.

आता सगळ्या मंडळात एकच चर्चा आहे. गॅस्कॉइन उघड म्हणतात, “एक माझा, एक कर्नलचा. आम्ही लपवत नाही. तिसरा शूरवीर कोण?” सगळ्यांचं बोट सर एव्हरर्ड यांच्याकडे, म्हाताऱ्याला डावं-उजवं कळलं नसेल म्हणतात. काल ते स्वतः माझ्या घरी आले. टोपी हातात गोल गोल फिरवत विचारलं, “थर्कल, मी डावीकडे टाकला का हो? मला आठवतच नाही. त्या बाईंना मी काय तोंड दाखवू?” मी त्यांना चहा दिला.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

ता. क. लोकरीचे मोजे पोचले. दोन्ही डाव्या पायाचे वाटतात, पण ऊब आहे.

ता. क. २. तिसरा गोळा माझा होता. आठ वर्षांपूर्वी ज्या निबंधावर मला पदक मिळालं, त्याच्या चाळीस पानांपैकी तीस पानं म्हणजे मिस स्टॉबर्ट यांची पत्रं आहेत. मी तळटीपेत ‘उत्तरेकडील एका बाईंचे’ आभार मानले होते. त्या सभेत येऊन बसल्या आणि कुणी त्यांना सहज काही विचारलं, तर काय होईल, एवढंच त्या बाहीत हात असताना माझ्या डोक्यात आलं.

ता. क. ३. आमच्या एकतिसाव्या नियमाप्रमाणे नकार देणाऱ्यानं चौदा दिवसांत आपली चूक लेखी कबूल केली, तर ते पत्र भर सभेत वाचतात आणि मतदान पुन्हा घेतात. सोबतचं बंद पाकीट सर एव्हरर्ड यांच्या नावचं आहे. त्यात निबंधाचंही सगळं लिहिलं आहे. तिकीट लावलेलं आहे. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मी तीनदा जाऊन ते परत आणलं. तुझ्या पत्राच्या पोटात घातलं तर माझा हात त्याला सोडील असं वाटतं. एकवीस तारखेच्या आत ते पेटीत टाक. ते परत पाठव अशी माझी तार आली, तर तार मिळालीच नाही असं समज.