खिळ्याचं भोक

कॉव्हेंट्री,
१४ जून १९६४

नोनीताई,

नाही, पोरीच्या नादानं आलो नाही, आणि इंग्लंडच्या पैशाची हावही नव्हती. तिसऱ्या पत्रात तिसऱ्यांदा तेच लिहितेस. तुम्ही सगळे बरे असाल. मीही बरा, नुसता थकलेला. दिवसभर रस्त्यावर डांबर ओढायचं आणि सात जणांच्या खोलीत पाठ टेकायची. गावोगाव फुटकी भांडी झाळत फिरायचो तेव्हा आपल्या घोडीच्या गाड्यात दाटीवाटी होती, पण माणसं आपली होती.

तू लिहितेस, यंदा हेशनबाईंच्या शेताची वाट आली तर बानं घोडी वळवलीच नाही. बाई फाटकात उभ्या, हात करताहेत, तरी सरळ पुढं हाकली. वीस वर्षांत असं झालं नाही, काय बिनसलं, विचारतेस.

मी बिनसवलं.

गेल्या ऑक्टोबरात बानं मला त्यांच्याकडं अंडी आणायला धाडलं होतं. गोठ्यामागं बाई बसलेल्या. मांडीत पत्र्याची नवीकोरी बादली, हातात खिळा आणि हातोडा. मला पाहून लालबुंद झाल्या.

"बाला सांगू नकोस हं पोरा. गाव सगळं प्लास्टिकचं घेतंय. नुसते पैसे पुढं केले तर घेईल का तो?"

तासाभरानं बा तीच बादली झाळत बसलेला, ऐटीत. म्हणतो कसा, "पाहिलंस? हेशनबाईंचं पान हलत नाही माझ्यावाचून."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मुद्दाम भोकं पाडतात त्या. भीक घालतात तुला, बा, भीक!"

त्यानं कानस घेतली आणि भोकाचा काठ घासत राहिला. दुसऱ्या दिवशी मी इंग्लंडची बोट धरली.

ताई, गंजलेल्या भोकाचा काठ तपकिरी, बोटाखाली चुरा होणारा. खिळ्याच्या भोकाचा चकचकीत, आत मुडपलेला. मी शाळेत दोनच हिवाळे गेलो, पण एवढं मला कळतं, कारण बानंच शिकवलं. चाळीस वर्षं पत्र्यावर हात घासलेल्याला ते कळलं नसेल? त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं ग. त्याचा मान राहावा म्हणून बाई गप्प, बाईंचा राहावा म्हणून तो. मी एकटाच शहाणा निघालो.

हे बाला वाचून दाखवू नकोस. नको, दाखवच. तोंडानं मला जमायचं नाही.

ऑक्टोबरात घोड्यांच्या बाजाराला त्याच वाटेनं जाल. तेव्हा लगाम तू धर आणि घोडी आत घाल. बा शिव्या देईल, देऊ दे.

सोबत चार पौंड पाठवतोय. तीन तुम्हाला. एक हेशनबाईंच्या मुठीत गुपचूप ठेव, नव्या बादलीसाठी.

तुझा,
मायली