होम प्लेटपाशी एक ‘नाईन’

रविवार, १३ मे २००७

कॅप्टन! मी! काल प्रॅक्टिसनंतर हात वर करून मतं घेतली आणि सगळ्यांचेच हात वर. का, ते अजून कळत नाही. बॉनला येऊन दीड वर्ष झालं तरी जर्मन बोलताना मधेच अडखळते. अमरावतीला शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले, म्हणून युनिव्हर्सिटीच्या या बेसबॉल टीममध्ये (मुलंमुली एकत्र, हौशी लीग) पिचर झाले, एवढंच. नाव सुचवलं जेन्सने. तो आमचा कॅचर, म्हणजे माझा प्रत्येक चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये जाणार. त्याला विचारलं, माझंच का? म्हणाला, तू कुणावर ओरडत नाहीस म्हणून. ही काय कॅप्टन व्हायची पात्रता झाली?

मंगळवार, २२ मे

सकाळी ग्रीनहाऊसमध्ये थीसिसची बार्ली मोजायची, दुपारी लेक्चर, संध्याकाळी प्रॅक्टिस. शनिवारी स्टेशनवर बानहोफ्समिसिऑनचं, म्हणजे प्रवाशांना मदत करणाऱ्या संस्थेचं, निळं जॅकेट घालून म्हाताऱ्यांना, अंधांना गाडीतून उतरवून घ्यायचं. मीनल नक्की यातली कोणती — विचार करायलाही वेळ नाही.

शनिवार, २ जून

हरलो. कसे, तेच समजत नाही.

कोलोनच्या टीमशी सेमी-फायनल. शेवटची इनिंग, स्कोअर सारखा. त्यांचा रनर तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटला आणि थ्रो जेन्सकडे आला. रनरचा पाय प्लेटला लागायच्या आत जेन्सने त्याला चेंडूने शिवलं तर आउट, नाहीतर मॅच त्यांची. थ्रो सुटलाच तर अडवायला मी जेन्सच्या मागे धावले होते. रनर घसरत आला, धूळ उडाली, आणि जेन्सचा ग्लव्ह त्याच्या बुटाला लागलेला मी पाहिला. अगदी स्पष्ट.

अंपायर पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. जेन्स म्हणत होता, शिवलं. त्यांचा रनर म्हणत होता, नाही. मग अंपायर माझ्याकडे वळला. कॅप्टन म्हणून.

“निश्ट बेर्युर्ट?” शिवलं नाही?

“नाईन!” नाही! मी जोरात म्हटलं. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण त्याने दोन्ही हात पसरून सेफ, म्हणजे नाबाद, दिला आणि कोलोनवाले नाचत मैदानात आले.

मग मला विचारलंच कशाला, माझं ऐकायचं नव्हतं तर? जेन्सने मास्क काढला, माझ्याकडे पाहिलं आणि सामान भरायला गेला.

मंगळवार, ५ जून

जेन्स प्रॅक्टिसला आला नाही. फोनही उचलत नाही. बाकीचे माझ्याशी विचित्रच वागतात. पहिल्या बेसवरच्या सिल्केने मात्र जाता जाता खांद्यावर हात ठेवला — जेन्स खोटं बोलला, निदान तू तरी खरं बोललीस. मी आपलं जर्मनमध्ये “या, या” केलं, म्हणजे हो, हो. कशाबद्दल बोलत होती?

बुधवार, ६ जून

प्रोफेसर हेलविगनी बोलावलं. मला वाटलं बार्लीची रीडिंग्ज चुकली. पण त्यांनी चक्क कॉफी दिली! मॅचची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली आहे. फॅकल्टी दरवर्षी एका विद्यार्थ्याचा सत्कार करते, अभ्यास, खेळ, समाजसेवा सगळं सांभाळणाऱ्याचा. यंदा ते माझं नाव देणार. म्हणाले, स्वतःच्या टीमविरुद्ध साक्ष द्यायला धैर्य लागतं.

विरुद्ध? मी विरुद्ध कधी बोलले? मी तर नाही म्हणाले! तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. त्याऐवजी थँक्यू म्हणून बाहेर आले.

आईला फोनवर फक्त सत्काराचं सांगितलं. तासाभराने तिचाच फोन, “पोरी, आपल्या गल्लीत सगळ्यायले सांगून आली मी.”

शनिवार, ९ जून

कळलं.

हॅम्बुर्गहून आलेल्या गाडीतून एक आजोबा उतरले. हातात पांढरी काठी. पुढच्या प्लॅटफॉर्मकडे इतक्या ठामपणे निघाले की मी विचारलं, तुम्हाला मदत नकोय का? ते म्हणाले, “डॉख!” आणि माझा दंड धरला. डॉख म्हणजे — हवी आहे की!

जिन्यावर पाय थबकला माझा. आजोबा विचारायला लागले, काय झालं?

कुणी ‘शिवलं नाही?’ विचारलं की आपण म्हणतो, ‘नाही, शिवलं की!’ आपलं नाही म्हणजे, तू म्हणतोस तसं नाही. जर्मनमध्ये त्याच प्रश्नाला नाईन म्हटलं की अर्थ सरळ, नाही शिवलं. मला डॉख म्हणायचं होतं. पुण्याच्या क्लासमध्ये शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं. जिभेवर मराठी आली.

म्हणजे जेन्सला खोटारडं मी ठरवलं. आणि खरेपणाबद्दल सत्कार माझा!

रविवार, १० जून

चारुदत्तकडे कोलोनला जाऊन आले. तो तिथे पीएचडी करतो, भारतातल्या आमच्याच कॉलेजचा, माझ्याहून सीनियर. त्याने पोहे केले आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं, मॅच काही परत होणार नाही. सत्कार घेऊन टाक, नाव तर तुझ्या बाकीच्या कामावरही आलंच असतं. मी म्हटलं, आणि जेन्स?

त्याने माझी बशी पुन्हा भरली. मग म्हणाला, “तू मला विचारायला आलीस, म्हणजे तुझं ठरलेलं नाही. ठरलं असतं तर जेन्सकडे गेली असतीस.”

राग आला. पण खरंच ठरलं नव्हतं. ट्रेनमध्ये एकदा वाटे सांगावं, एकदा वाटे आई सगळ्या गल्लीत सांगून बसली आहे.

मंगळवार, १२ जून

सांगितलं. आधी हेलविगना. त्यांना ते एका दमात पटलं नाही, दोनदा समजावलं. मग म्हणाले, तरीही सत्काराला तुझं नाव ठेवता येईल. मी म्हटलं, नको. या वेळी ‘नाईन’ बरोबर लागला.

मग मैदानावर. जेन्सला सिल्केने ओढून आणलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं की ग्लव्ह लागलेला मी डोळ्यांनी पाहिला, शब्द माझा चुकला, जेन्स खरं बोलत होता. त्याची माफी मागितली. एकेक जण जाऊन त्याला मिठी मारून आला. तो खाली बघत होता. मला वाटलं, अजून रागावलाय. कॅप्टनपद सोडते म्हणाले तर कुणी ऐकलं नाही.

आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, जेवलीस का?

रविवार, १७ जून

जेन्स ग्रीनहाऊसमध्ये आला. बार्लीची एक कुंडी उगाच सरळ केली. मग म्हणाला, “मीनल, माझा ग्लव्ह त्याला लागला नव्हता. हाताला कळतं ते.”

मंगळवारी तो हे टीमला सांगणार आहे, मी शेजारी उभी राहीन का, विचारत होता. राहीन म्हणाले.

पण मग मी पाहिलं ते काय?