चौघींना कळेल अशी भाषा

मंगळवार, संध्याकाळ. नाशिक रोड.

लेख साडेपाचला पाठवला. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, या चार बहिणींसाठी एकच प्रमाणभाषा घडवता येईल का? संपादकांना गुळमुळीत शेवट चालत नाही, म्हणून लिहिलं, ‘येईल. चौघींनाही ती कळेल.’ कळेल हे खरंच आहे. मग का टोचतंय?

मेथीमुळे. आई नामपूरहून इथे राहायला आल्यापासून रोज फाटकावर मेथीची जुडी घ्यायची. फ्रिजमध्ये जागा उरेना, म्हणून गेल्या आठवड्यात मीच भाजीवाल्या मावशींना सांगितलं, आता येऊ नका. त्या सटाण्याकडच्या. हसून म्हणाल्या, “मायले मेथी थोडीच लागस, भाऊ!” मला तो विनोद वाटला.

त्या दोघी अहिराणीत बोलायच्या. घरात आमचं मराठी आईला कळतं, तिचं आम्हाला कळतं. पण पाणी दे, गोळी घेतली, यापुढे ती काही बोलतच नाही. आजही तासभर फाटकाशी उभी होती. दुपारी पंचवटीच्या भाजीबाजारात मावशींना शोधलं, सापडल्या नाहीत. लोकांना विचारणार तरी काय? नावसुद्धा माहीत नाही.

लेख पाठवून आईजवळ बसलो. चाळीस वर्षांत न बोललेली अहिराणी कशीबशी जुळवली. “माय, कशी शे तू?”

तिनं पदर सावरला. पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“बरी आहे मी,” सावकाश, शुद्ध बोलली. “तुम्ही कसे आहात?”