कलम धरलंय, पण उठू देत नाहीत

वालचंदनगर मुक्कामी दाजी धोंडीबाराव यांस, शेळगावहून मेव्हणा महिपती याचा नमस्कार (पडल्यापडल्याच, कारण उठायची परवानगी नाही). तुमचा खोकला कसा आहे? क्वार्टरमध्ये एकट्यानं जेवणाचं काय करता? इकडं अक्का ठणठणीत, तिनं मला दिलेली किडनी ठणठणीत, फक्त मी कसा आहे ते मला कळेनासं झालंय. फोनच करणार होतो, पण बोलून दम लागतो म्हणून अक्कानं तो ज्वारीच्या डब्यात ठेवलाय.

दाजी, आजारी नक्की कोण, एवढंच मला सांगा. जिनं किडनी दिली ती पहाटे धार काढते, रोपवाटिकेला पाणी देते, आणि ज्याला मिळाली तो दिवाळीपासून खाटेवर. यात थोडा दोष माझ्या तोंडाचा आहे. ऑपरेशनच्या आधी अक्का घाबरली होती, तेव्हा मीच समजावलं की अगं, आपण पेरूचं कलम बांधतो तसंच हे. तिनं ते मनात धरलं. आता मी कूस बदलली तरी ओरडते, "बांधल्यालं कलम कुनी हलिवतं का? माजी किडनी हाय ती!" (आमची सिंधू नवऱ्याची बाजू घेईल म्हणाल, तर ती नणंदेपुढं मान हलवण्यापलीकडं काही करत नाही.)

परवा पुण्याला तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, किडनी झकास, आता हात न टेकता खुर्चीवरून उठा. मी जोर लावला आणि परत मटकन बसलो. अक्का धावलीच काखेत हात घालायला. डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि सांगितलं, ज्याचे हातपाय चालते असतात तो अशा ऑपरेशननंतर जास्त जगतो, असं पुष्कळ रुग्णांत दिसलंय. याला रोज चालवा, नाहीतर चांगली किडनी असूनही माणूस हातचा जाईल. अक्कानं त्यातलं "माणूस हातचा जाईल" तेवढंच ऐकलं. घरी आल्याआल्या खुर्चीच गोठ्यात नेऊन ठेवली. म्हणे, हिच्यापायीच त्यो खाली पडला!

काल ती ओढ्याकडं गेलेली बघून मी उठलो आणि भिंत धरत रोपवाटिकेच्या शेडनेटपर्यंत गेलो. नेमक्या तेव्हा शेजारच्या कुशाबाई शहाळं घेऊन भेटायला आल्या. रिकामी खाट दिसली, तर म्हातारीनं अंगणात बसून गळाच काढला. आळी गोळा झाली. कुणी डोक्याचं मुंडासं काढलं, कुणी माझे गुण आठवायला लागलं (दोनच आठवले). मी शेडनेटच्या बांबूला धरून हे सगळं ऐकत होतो, आणि मेलोय की जगलोय याचा माझाही क्षणभर घोटाळा झाला.

अक्का पळत आली. मला उभा बघून तिनं माझा दंड घट्ट धरला. "पडला असतास म्हंजी? मला दुसरा भाऊ हाय का?" दाजी, मला फार वाईट वाटलं. पण मरायची भीती तिच्यापेक्षा मला जास्त. मी म्हणालो, "अक्का, कलमानं जीव धरला की आपण पट्टी सोडतो, उन्हात काढतो. सावलीतच ठेवलं तर रानात लावल्यावर टिकतं का?" ती आत गेली. रात्री जेवलीही नाही.

आपला,
महिपती

ता. क. : खरं काम हे. खोकला वाढलाय म्हणून अक्काला आठ दिवस बोलावून घ्या. माझं नाव काढू नका.

ता. क. २ : बोलावू नका. सकाळी अक्कानं खुर्ची धुऊन दारात उन्हात मांडली आणि समोर पायरीवर बसून म्हणाली, "ऊठ. हात न लावता." पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मी अर्ध्यावर डुगडुगलो, तसा तिचा हात पुढं आला; मग तिनंच तो मागं घेतला आणि पदरात घट्ट गुंडाळून ठेवला. मी उठलो, दाजी. किडनी देतानासुद्धा तिला एवढं जड गेलं नव्हतं.