उपोषणातून उठवणारी डॉक्टरीण

आई, आज भर सभेत तुला पुन्हा एकदा सरकारची माणूस म्हटलं, आणि मी, तुझी पोटची पोर, तोंड शिवून बसले होते. कानशिलं तापली होती नुसती. सफाईवाल्या बायांच्या जुन्या उपोषणाच्या आठवणीचा कार्यक्रम होता. माईकवरचे भैया सांगत होते, "सब बहनें डटी रहीं, बस एक को डॉक्टरनी ने उठा दिया." आणि ती एक, आता केस पिकलेली, माझ्या शेजारीच मान खाली घालून बसलेली.

तेव्हा राज्य नवंनवं झालं होतं. रायपूर राजधानी झाली म्हणून सदर बाजारात पेढे वाटले, लाल दिव्याच्या गाड्या पळू लागल्या, आणि तुझ्या सरकारी दवाखान्यात सफाईवाल्या बायांना स्टाफच्या नळाचं पाणी प्यायची मात्र बंदी. एक प्यायली म्हणून तिला कामावरून काढलं. बाकीच्या बाहेर मंडप टाकून उपाशी बसल्या. ड्युटी संपली की तू थेट त्यांची नाडी, बीपी बघायला. बाबा म्हणायचे, नोकरी जाईल. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "जाऊ दे. शाळेत माह्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. मी काहून गप्प बसू?"

मी तेव्हा डॉक्टरकी शिकत होते, तुझ्यासोबत यायचे. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. एक साहेब तुझ्या कानाशी लागलाय, "मैडम, किसी एक की जान को खतरा लिख दीजिए, हम सबको उठा लेंगे." मंडपातले पुढारी म्हणतायत, सगळ्या ठणठणीत आहेत असं सांगा, पेपरवाले आलेत. तू दोघांनाही हाकलतेस. चौघींना साडी धरायला लावून आडोसा करतेस आणि आत एकेकीला हळू आवाजात काहीतरी विचारतेस. मलाही आत येऊ देत नाहीस. एकीपाशी बराच वेळ जातो. मग बाहेर येऊन एवढंच म्हणतेस, "इसको मैं उठा रही हूँ. मेरा हुकुम है. बाकी बैठेंगी."

झालं! मंडपात एकच गलका. बिकाऊ, गद्दार, काय काय म्हणाले तुला. तिकडे साहेबाला खोटं लिहून दिलं नाहीस म्हणून तुझी बदली झाली ती वेगळीच. दोन्हीकडून मार! बायांना पुढे पाणी मिळालं, काढलेली कामावर परत आली, पण तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात चहाला येणारी चळवळीतली माणसं यायची बंद झाली ती झालीच. मी चिडून विचारलं, असं झालं तरी काय होतं तिला? तू माझ्याकडे असं बघितलंस! "पेशंटचं मले विचारून राहिली? अन् डॉक्टर होऊन राहिली ना तू?" पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. तू गेलीस तेव्हाही त्यांच्यातलं कोणी आलं नाही.

मागच्या महिन्यात, तू उठवलेली ती बाई माझ्या दवाखान्यात आली. बीपी बघताना एकदम रडायला लागली. "दीदी, मैं डर गई थी. मरने का डर. मैडम ने पूछा, तेरा खुद का मन क्या है? मैं बोली, उठना है. तो बोलीं, डरना कोई गुनाह नहीं, बाहर मेरा नाम ले लेना." मग डोळे पुसत म्हणाली, "तुमको भी नहीं बताया?" अगं आई, पोटच्या पोरीलासुद्धा नाही! त्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला आणि घरी येऊन मनसोक्त रडले. अभिमानानं गं, दुसरं काय.

पण ती हे पेशंट म्हणून सांगून गेली, म्हणजे माझंही तोंड बंद. आज उठून मी चार वाक्यं बोलले असते तर तुझ्यावरचा डाग तिथंच पुसला गेला असता. आणि मागच्या रांगेत तिची सून, नातवंडं बसली होती. मी बसूनच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. ज्याला सांगितलं तरी तिचं गुपित फुटत नाही असं माणूस जगात एकच होतं, म्हणून तुला लिहिलं. तुझ्याइतकी घट्ट नाही गं मी. तू जन्मभर पोटात ठेवलंस, मला महिनाभरही दम निघाला नाही.