दोर तुमचा, झाड आमचं

आई,

आपल्या पेरिनने घाण्यावरच्या भांडणात खेचरवाल्याचं डोकं दगडाने फोडलं आणि तो माणूस मेला, हे तिकडे टायर शहरात तुझ्या कानावर आलं असेल. घाणा सरदार लांबेर यांच्या हद्दीत, खेचरवाला बिशपांचा. त्यामुळे पेरिनला फाशी देण्याचा हक्क कोणाचा, यावर दोघांची जुंपली. सरदारांच्या शिपायांनी त्याचे हात धरले, बिशपांच्या माणसांनी पाय. त्या ओढाओढीत त्याचा खांदा निखळला, भाले चालले आणि दोन शिपाई जागीच गेले. तरी मला धीर होता. हे भांडत होते तोवर पेरिन जिवंत होता.

पण मला गप्प राहवेना. दोघांसमोर गुडघे टेकून मी म्हणालो, "हुजूर, या मुलखात सार्वभौम फक्त जेरुसलेमचे राजे. निवाडा त्यांनीच करावा." 'सार्वभौम' हा शब्द मठात शिकलेला. उच्चार चुकू दिला नाही.

दोघेही एकदम थबकले.

"ऐकलंत महाराज? हा राजाला आपल्या घरात घेऊन येतोय!" सरदार बिशपांना म्हणाले.

"मग दोर तुमचा, झाड आमचं," बिशप म्हणाले. "आटपा लवकर."

दोघांच्या माणसांनी मिळूनच पेरिनला झाडाखाली नेलं. निखळलेला हात मागे बांधताना तो गुरासारखा ओरडला. मग मला शोधून म्हणाला, "दादा, तू गप्प बसला असतास तर हे दोघे भांडता भांडता म्हातारे झाले असते. मीही झालो असतो."

हे तुला कसं पाठवू?

तुझा राहिलेला मुलगा,
आन्सेल