आठवणीचा ठसका

ताई,

दहिसर चेकनाक्याला आमची रिक्षा अडकली आहे. तुझी आर्वी माझ्या मांडीवर आहे आणि आई शेजारी, म्हणून तोंडाने बोलता येत नाही ते मोबाइलवर लिहितोय. मस्कतला तुला पाठवायचा धीर मात्र होणार नाही.

सकाळी आर्वीला आंघोळीच्या टबात बसवून मी टॉवेल आणायला गेलो. परत आलो तर ती पाण्यात पालथी होती. उचलून पाठ थोपटली, तशी रडली आणि थोड्या वेळाने खेळायलाही लागली. आई बाजारातून आली तेव्हा पोरीला सारखा ठसका लागत होता. आईने टाळूवर थापटलं. "वयर बघ गो बाय, आवस आठवण काढता तुझी." शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिची आई मस्कतवरून एवढी आठवण काढते?" सगळे हसले. मीही हसलो.

तुझ्या सासूबाईंना हे कळलं तर त्या आर्वीला घेऊन जातील आणि तुला तिथून काही करता येणार नाही. म्हणून गप्प राहिलो.

पण ताई, तो ठसका तुझ्या आठवणीचा नव्हता. पाणी तिच्या छातीत गेलंय. आता ती भराभर श्वास घेतेय आणि हाक मारली तरी डोळे उघडून पुन्हा मिटतेय.

"मेल्या, कोणाक लिवतंस? पोरीक नीट धर," आई म्हणतेय.

सिग्नल सुटला. दवाखान्यात आई खोकल्याचं औषध मागेल. तिच्या आधी मला डॉक्टरांना सांगायचंय, ही टबात बुडाली होती आणि मी तिथे नव्हतो.

तुझा धाकटा,
हर्षद